दप्तर कोणाच्या नावावर?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

मराठीत 'दप्तर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दप्तर शाळकरी पोराच्या पाठीवरचे. दुसरे संस्थेचे. गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी बदलला की नवा सेक्रेटरी 'दप्तर ताब्यात घेतो', ते हे. पाठीवरचे दप्तर पोराबरोबर घरी जाते. संस्थेचे दप्तर सेक्रेटरी घरी गेला तरी कपाटातच राहते. हा भेद खेड्यातल्या सोसायटीलाही कळतो. कॉलेजांनाही तो कळत होता, पण कागद कागद होते तोवरच. कागदाची फाइल झाली, फाइल कपाटातून उठून दूरच्या सर्व्हरवर जाऊन बसली, आणि दोन्ही दप्तरे एकमेकांत मिसळली. कॉलेजच्या फाइली कोणा तरी पोराच्या पाठीवर लादल्या गेल्या आणि पोरगे घरी गेले की फाइलीही गेल्या. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा खटाटोप. गुरुजनांनी रागावू नये, आणि मित्रमैत्रिणींनी कंटाळू नये!

आधी या सोयीचे गुण सांगते, नाहीतर मी कागदाच्या काळात रमणारी समजली जाईन. प्रवेश घेतला की आपल्याला कॉलेजच्या नावाचा ई-मेल मिळतो, आणि त्यासोबत फाइली ठेवायला जागा मिळते. ही जागा आपल्या मोबाइलमध्ये नसते, लॅबमधल्या संगणकातही नसते. नाव आणि पासवर्ड सांगितला की ती कुठूनही उघडते. खानापूर तालुक्यातून रोज बसने येणाऱ्या मुलीकडे बहुधा लॅपटॉप नसतो. ती दुपारी लॅबमध्ये निम्मा प्रकल्प टाइप करते आणि उरलेला रात्री घरी मोबाइलवर पुरा करते. पेन ड्राइव्ह हरवण्याची धास्ती नाही, लॅबमधला व्हायरस घरी नेण्याचे भय नाही. चौघांचा गटप्रकल्प असेल तर चौघे चार गावांत बसून एकाच तक्त्यात आकडे भरू शकतात. ज्याच्या घरी सुबत्ता नाही त्याला या सोयीचा उपयोग सर्वांत जास्त. म्हणून तर तिच्यातला दोष त्यालाच सर्वांत जास्त भोवतो.

आता दोष सांगते. आपल्या याच वार्षिक अंकासाठी मराठी विभागाने गेल्या वर्षी शहापूर आणि वडगाव भागातल्या वृद्ध विणकरांच्या मुलाखती घेतल्या होत्या. माग कधी घातला, सूत कोठून येई, साडीमागे मजुरी किती मिळे, सावकाराचे देणे कसे फिटले, अशा तासतासभराच्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या. अंकात जागेअभावी दोनच पाने छापून आली. बाकीचे सारे, म्हणजे ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि टाइप केलेला मजकूर, विभागाच्या विद्यार्थिनी प्रतिनिधीच्या खात्यात होते. ती ताई उत्तीर्ण झाली, निकाल लागला, आणि पुढे नियमाप्रमाणे तिचे खाते बंद झाले. यंदा त्या मुलाखती पुऱ्या छापाव्यात असे ठरले तेव्हा खाते नव्हते आणि खात्यातले काहीच नव्हते. त्या विणकरांपैकी एक आजोबा या पावसाळ्यात वारले. त्यांच्या बोलण्यातली आज आपल्याकडे छापील अशी अठरा ओळींची एक चौकट आहे. बैल गेला आणि झोपा केला, अशी आपली गत झाली.

कन्नड विभागाचे साहित्य मात्र जसेच्या तसे आहे. त्यांच्याकडे संगणक आपल्यापेक्षा चांगला होता असे नाही. त्यांच्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी विभागाच्या नावाने एक सामाईक जागा उघडून घेतली, आणि प्रत्येकाने आपापले लिखाण तिथेच ठेवावे असा दंडक घातला. मुले गेली, जागा राहिली. शेजाऱ्याकडे चांगले दिसले तर ते घ्यावे, त्यात कमीपणा कसला?

कोणी म्हणेल, कॉलेजने खाते बंदच का करावे? याला उत्तर आहे, आणि ते वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पटावे असे आहे. पूर्वी शिक्षणसंस्थांना गूगलसारख्या कंपन्या अमर्याद जागा फुकट देत. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केले की यापुढे एका संस्थेला सर्वांत मिळून १०० टेराबाइट जागा मिळेल. जुन्या संस्थांना हा नियम जुलै २०२२ पासून लागू झाला. १०० टेराबाइट म्हणजे साधारण एक लाख गिगाबाइट. ऐकायला डोंगराएवढे वाटते. पण समजा विद्यापीठाची पन्नास हजार खाती आहेत, तर भागाकार करा. माणशी दोन गिगाबाइट! एका स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणालाही ते पुरणार नाहीत. तेव्हा गेलेल्यांची खाती बंद करणे ही संस्थेची खोडी नव्हे, गरज आहे. माझी तक्रार खाते बंद करण्याबद्दल नाही. खाते बंद करण्यापूर्वी त्यातले कॉलेजचे काय आणि विद्यार्थ्याचे काय, याची वाटणी कोणी करीत नाही, ही माझी तक्रार आहे.

या सेवांची रचना थोडी समजून घेतली तर वाटणी अवघड नाही. गूगलच्या सेवेत 'माझी ड्राइव्ह' म्हणून जी जागा असते, तिथली फाइल त्या व्यक्तीच्या मालकीची असते. तिने ती दहा जणांना दाखवली तरी मालक तीच. मालकाचे खाते संस्थेने काढून टाकले आणि त्याआधी मालकी दुसऱ्याच्या नावे केली नाही, तर दहाही जणांच्या समोरून ती फाइल नाहीशी होते. काढलेले खाते परत आणण्यासाठी व्यवस्थापकाला वीस दिवसांची मुदत असते. दुसऱ्या प्रकारची जागा म्हणजे सामाईक ड्राइव्ह. तिथली फाइल व्यक्तीची नसते, संस्थेची असते. लिहिणारा निघून गेला तरी फाइल जागची हलत नाही. दोन्ही जागा पडद्यावर एकाच यादीत, एकीखाली एक दिसतात. एकीवर टिचकी मारली तर पाठीवरचे दप्तर, दुसरीवर मारली तर संस्थेचे. हा फरक प्रवेशाच्या दिवशी आपल्याला कोणी सांगत नाही.

आपण वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षी काय शिकतो? धंदा वेगळा आणि धंदेवाला वेगळा. दुकानदाराने गल्ल्यातून घरखर्चाला पैसे घेतले तर ते 'उचल' म्हणून लिहावे लागतात. पुढे कंपनी कायद्यात सॉलोमनचा १८९७ चा खटला येतो. बहुतेक सर्व भाग एकाच माणसाचे असले तरी कंपनी म्हणजे तो माणूस नव्हे, हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यात ठरवले. भागधारक येतात, जातात, मरतात, कंपनी राहते. परीक्षेत यावर आपण पाने भरतो, आणि वर्गाबाहेर येऊन विभागाचे सारे साहित्य एका मुलीच्या नावावर ठेवतो! ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा न्याय हिशेबशास्त्रात चालत नाही. तो फाइलींत का चालावा?

कायदाही या बाबतीत आपल्यापुढे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीने हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपून ठेवायची असतात. संगणकावर ठेवलेल्या पुस्तकांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घ्यावी, अशी दुरुस्ती नियमांत २०२२ साली झाली. १ एप्रिल २०२३ पासून तर हिशेबाचे सॉफ्टवेअरच असे हवे की कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली याचा माग आपोआप राहील आणि तो माग बंद करता येणार नाही. हे नियम कॉलेजच्या अंकाला लागू नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण चार भिंतींचे दुकान असलेल्या खासगी कंपनीला जी शिस्त लागते, ती शेकडो मुलांचे लिखाण सांभाळणाऱ्या संस्थेने आपण होऊन पाळली तर काय बिघडेल?

इथे एक पळवाट नेहमी सुचवली जाते. विभागाच्या नावाने एकच खाते काढा आणि त्याचा पासवर्ड सहा जणांना द्या! हा उपाय रोगाहून वाईट. सहा जणांच्या हाती एकच किल्ली असली की तिजोरीतून काय गेले हे कळते, कोणी नेले हे कधीच कळत नाही. फाइल कोणी बदलली याचा इतिहास यंत्र ठेवते, पण त्यात सहाही जणांचे नाव एकच पडते. शिवाय गेल्या वर्षीची मुले आजही ते खाते उघडू शकतात. म्हणून किल्ली ज्याची त्याला वेगळी द्यावी, आणि त्या किल्लीने काय उघडते ते ठरवावे.

हे अधिकार वाटण्याचे शास्त्र काही आजचे नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएम कंपनीच्या साहाय्याने १९८० च्या दशकात 'अँड्र्यू' नावाची योजना उभारली. आवारातल्या कोणत्याही संगणकापुढे बसा, नाव सांगा, आपल्याच फाइली समोर याव्यात, असा तिचा हेतू. त्यातली फाइलींची व्यवस्था रचणाऱ्यांत प्रमुख होते महादेव सत्यनारायणन, मद्रासच्या आय. आय. टी.त शिकलेले. त्यांच्या रचनेत प्रत्येक फोल्डरला सात निरनिराळे अधिकार होते: यादी पाहणे, वाचणे, नवी फाइल घालणे, असलेली बदलणे, काढून टाकणे, फाइलीला कुलूप लावणे, आणि हे अधिकार दुसऱ्यांना देणे. यातली गंमत पाहा. विद्यार्थ्याला फक्त 'घालण्याचा' अधिकार दिला की तो फोल्डर मतपेटीसारखा होतो. प्रत्येकजण आपली उत्तरपत्रिका आत टाकतो, दुसऱ्याची कोणालाच वाचता येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी एका विद्यापीठाला जे सुचले, ते आज आपल्या हाताशी आहे. पण आपण सरसकट 'दुवा ज्याच्याकडे आहे त्या प्रत्येकाला' हा पर्याय निवडतो, कारण तो सोपा! मग विणकरांच्या सर्वेक्षणाचा तक्ता, त्यातली नावे, त्यांचे फोन, त्यांच्यावरचे कर्ज, सारे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका दुव्याच्या भरवशावर उघडे राहते. आजोबांनी आपले देणे आपल्याला विश्वासाने सांगितले होते, गावाला नव्हे. माणसांची अशी माहिती जपण्यासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदाही केला आहे.

आणखी एक गैरसमज असा की, सर्व्हरवर ठेवले म्हणजे सुरक्षित झाले. जपानातल्या क्योतो विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळजवळ तीन कोटी चाळीस लाख फाइली, पुसल्या गेल्या. चौदा संशोधनगटांना त्याची झळ बसली, आणि त्यांतल्या चार गटांची माहिती प्रतीवरूनही परत आणता आली नाही. चोरी नव्हती, आग नव्हती. प्रती घेण्याच्या कामासाठीच जी आज्ञावली होती, तिच्यात सुधारणा करताना ती चालू असतानाच बदलली गेली, आणि जुन्या नोंदी पुसण्याऐवजी तिने खऱ्या फाइली पुसल्या. पुरवठादार कंपनीने जबाबदारी स्वीकारली, पण गेलेले ते गेलेच. म्हणून जाणकार सांगतात: प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. एकाच इमारतीत ठेवलेल्या दोन प्रती पाण्याला एकच वाटतात.

आता आपल्या भाषांचा प्रश्न. कन्नडमध्ये फाइलला 'कडत' म्हणतात. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून काळ्या घडीच्या वह्या करीत आणि त्यांवर पांढऱ्या लेखणीने हिशेब लिहीत. त्या वहीचे नाव कडत. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधून ठेवले गेले. रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत छापून आणले. तरी रुमालात अजून पुष्कळ आहे, आणि मोडी वाचणारे थोडे. म्हणजे कागद टिकला तरी वाचणारा टिकला पाहिजे. आपल्या अंकाच्या जुन्या फाइलींचे तेच झाले आहे. मराठी एका जुन्या खासगी फाँटात, कन्नड दुसऱ्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले की पानभर निरर्थक अक्षरे! युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. यापुढे मजकूर त्यातच टाइप करावा, यात दोन्ही विभागांत मतभेद असू नये.

फाइलीला नाव देण्याचेही शास्त्र आहे. 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरोखर अंतिम' अशी नावे देऊ नयेत. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि मग विषय असे नाव दिले की यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. अंक देवनागरी लिहा की इंग्रजी, पण एकच पद्धत ठेवा. कारण यंत्राच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरे आहेत. आणि आपल्या गावाचे नाव! कोणी बेळगाव लिहितो, कोणी अनुस्वार देऊन बेळगांव, कोणी २०१४ पासूनचे सरकारी बेळगावी. ज्याला जे प्रिय त्याने ते बोलावे, पण फाइलीच्या नावात मात्र एकच ठरवावे. नाहीतर एका नावाने शोधले की दुसऱ्या नावाच्या फाइली लपून बसतात. सीमाप्रश्न सुटेपर्यंत शोध थांबवून कसे चालेल?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की ज्याने त्याने आपल्या खासगी खात्यात ठेवावे, पंधरा गिगाबाइट फुकट मिळतेच की. मिळते, पण त्यातच ई-मेल, त्यातच छायाचित्रे. शिवाय खासगी खात्यातली फाइल म्हणजे पुन्हा पाठीवरचेच दप्तर. दुसरा आक्षेप असा, की हे सारे करायला मनुष्यबळ कुठे आहे? संगणक विभागाचे सर आधीच कामाने वाकले आहेत, हे खरे. पण मी मागते ती यंत्रे नव्हेत. मागते ती एक सवय, आणि ती कारकुनी जगात जुनीच आहे: चार्ज देणे आणि चार्ज घेणे.

माझ्या मते कॉलेजने चार गोष्टी कराव्यात. एक, प्रत्येक विभाग, मंडळ आणि अंक यांच्यासाठी सामाईक जागा उघडावी आणि तिचा व्यवस्थापक विद्यार्थी नसून पदावरचा प्राध्यापक असावा. दोन, पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात दोन तास या विषयाला द्यावेत: आपली जागा कोणती, संस्थेची कोणती, कोणाला काय दाखवावे. ते मराठीत आणि कन्नडमध्ये सांगावे. पडद्यावरचे इंग्रजी शब्द वाचता येतात, पण त्यांचा परिणाम आपल्या भाषेतच नीट कळतो. तीन, खाते बंद होण्यापूर्वी तीस दिवस आधी सूचना द्यावी आणि ग्रंथालयाच्या ना-देय दाखल्यासारखा 'दप्तर सुपूर्द' असा एक दाखला घ्यावा. चार, वर्षाअखेरीस सामाईक जागेची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ग्रंथालयात, आणि दुसरी कॉलेजच्या आवाराबाहेर ठेवावी.

विद्यार्थ्यांनीही सारे कॉलेजवर टाकू नये. खाते चालू आहे तोवर आपले निबंध, प्रकल्प, प्रमाणपत्रे उतरवून घ्यावीत. ते आपले आहे, ते न्यावे. जे मंडळाचे आहे ते मंडळाला द्यावे.

यंदा मराठी विभागाने कॉलेजच्या आदेशाची वाट पाहिली नाही. या अंकाचे सर्व साहित्य विभागाच्या सामाईक जागेत आहे. त्याची छापील यादी विभागाच्या कपाटात आहे, आणि त्या यादीवर देणाऱ्यांच्या सह्या झाल्या आहेत. घेणाऱ्यांची जागा अजून कोरी आहे. पुढच्या वर्षी जे विद्यार्थी संपादक मंडळावर येतील त्यांनी हार-तुऱ्यांच्या आधी ती यादी मागावी, फाइली एकेक उघडून पाहाव्यात, आणि मगच सही करावी. शहापूर-वडगावात अजून चार घरी माग चालू आहेत आणि माणसे बोलायला तयार आहेत. त्यांच्याकडे पुन्हा जायचे आहे. पण जाण्याआधी, ते जे सांगतील ते कोणाच्या नावावर ठेवायचे, एवढे ठरवून जावे.